वाफशाला इंग्रजीत काय म्हणतात? इंग्रजी अभ्यास मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
इंग्रजी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या विभागात दोन लोखंडी कपाटं आहेत. एकात हजेरीपट आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. दुसऱ्यात एम. ए. इंग्रजीच्या मुलांच्या प्रकल्पांची बाडं: काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, कण्यावर वर्ष. गेल्या उन्हाळ्यात त्या दुसऱ्या कपाटाचं दार लागेना, तेव्हा शिपाईमामांनी विचारलं, "सर, जुनी रद्दीत घालू का?" मी कपाटासमोर खुर्ची घेऊन बसलो, एकेक काढून चाळलं आणि शेवटी म्हणालो, घाला. एकही वाचवावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर एकही परत वाचावंसंही वाटलं नाही. रद्दीवाल्यानं वजन करायच्या आधी सगळी रेक्झिनची कव्हरं फाडून बाजूला टाकली. म्हणाला, याला भाव नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या पदव्युत्तर केंद्रात २२ वर्षं इंग्रजी शिकवतोय. त्या बाडांवर मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे, तेव्हा हे पत्र म्हणजे दुसऱ्याची उणीदुणी नव्हेत. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे बैठकीच्या घाईत असणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम. ए.च्या तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ असा मिळून १० क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आला आहे. ज्या विद्यार्थ्याला हवा असेल त्याला हा प्रकल्प अनुवादाचा किंवा स्वतःच्या लेखनाचा करू द्या. सक्ती कुणावरच नको. बाकी अभ्यासक्रमाला हात लावा असं मी म्हणत नाही. चॉसरही राहू द्या, देरिदाही राहू द्या.

आता ही मागणी का, ते.

आमच्याकडे गेल्या वर्षी ३१ प्रकल्प झाले. त्यातले ९ एकाच कादंबरीकार बाईंवर, ७ दुसऱ्या एका बाईंवर. शीर्षकं तुम्हाला पाठ आहेत: अमुकच्या निवडक कादंबऱ्यांतील परात्मता (म्हणजे 'एलिअनेशन', आपल्याच जगात परकं वाटणं), तमुकच्या निवडक कादंबऱ्यांतील स्त्रीवादी जाणीव. 'निवडक' म्हणजे ग्रंथालयात असलेल्या दोन. पहिल्या प्रकरणात लेखिकेचा जन्म, शिक्षण, पुरस्कार. दुसऱ्यात सिद्धांत. तिसऱ्यात आणि चौथ्यात कथानक. पाचव्यात निष्कर्ष, आणि निष्कर्ष असा की लेखिकेनं परात्मता प्रभावीपणे मांडली आहे. जे शीर्षकात गृहीत धरलं तेच शेवटी सापडतं. याला आपण संशोधन म्हणतो आणि ए प्लस देतो.

त्यात मग दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य तपासणारं सॉफ्टवेअर आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०१८ च्या नियमानुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या. नियम चांगलाच आहे. पण पोरं हुशार. चोरलेला परिच्छेद शब्द बदलून देणारी संकेतस्थळं फुकट मिळतात, त्यात टाकायचा आणि बाहेर काढायचा. एका प्रकल्पात मला 'सॉर्सरी ऑथेंटिसिटी' असा शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला. दोन दिवस मी डोकं खाजवत होतो, हा कुठला नवा सिद्धांत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना लक्षात आलं, हा आपला 'मॅजिक रिअॅलिझम', जादुई वास्तववाद! त्याच बाडात 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस'ची 'रिव्हर ऑफ अवेअरनेस' झाली होती. साम्य निघालं ६ टक्के. नियमाप्रमाणे स्वच्छ. हल्ली तर तेवढाही विनोद मिळत नाही. यंत्रच अख्खं प्रकरण लिहून देतं, इंग्रजी बिनचूक, परिच्छेद एका मापाचे, आणि वाचून झाल्यावर हाती काही उरत नाही. तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक येतात, दर विद्यार्थ्यामागे दहा मिनिटं, मधे पोहे. "व्हाय डिड यू चूज धिस टॉपिक?" हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक वेळा शेवटचाही.

मुलांना दोष द्यायचा माझा विचार नाही. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. आठवड्यातले तीन दिवस घरची कामं, दोन दिवस कॉलेज. त्यांना इंग्रजी कादंबरी वाचायला महिना लागतो, आणि तिच्यावर जगभर लिहिलं गेलेलं सगळं वाचून त्यात 'रिसर्च गॅप', म्हणजे अजून कुणी हात न लावलेली जागा, शोधायचा असं आपण त्यांना सांगतो. तो गॅप मलाही माझ्या एम. फिल.ला सापडला नव्हता. मी तो तयार केला होता.

दोन-तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. हे पत्र खरं तर तिच्यामुळेच लिहितोय.

दुसऱ्या सत्रात मुलांना ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट असतं. इंग्रजीच्या मुलांनी जॉब ट्रेनिंग कुठं घ्यायचं हे कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. कुणी डीटीपी सेंटरला बसलं, कुणी क्लासमध्ये, एक जण पतसंस्थेत पावत्या फाडून आला. कोरडवाहू भागातल्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी म्हणाली, सर, मी फील्ड प्रोजेक्ट करते, आमच्या फील्डमध्येच. मला वाटलं चेष्टा करते. ती चेष्टा नव्हती. तिनं आपल्या आजीला शेताच्या बांधावर बसवून मोबाइलवर बोलतं केलं. पेरणी, काढणी, दुष्काळातलं खडी फोडण्याचं काम, मेलेली दोन लेकरं, सगळं. नऊ तासांचं रेकॉर्डिंग. मग ते मराठीत उतरवलं, आणि कुणी सांगितलं नसताना इंग्रजीत करायला घेतलं. पहिली चार पानं माझ्याकडे घेऊन आली तेव्हा एका वाक्यावर तिचं अडलं होतं.

आजीचं वाक्य असं होतं: "वाफसा झाल्याबिगर औत घालू नये, माती रुसती."

ज्यांचं बालपण सिमेंटवर गेलं त्यांच्यासाठी: पाऊस पडून गेल्यावर जमीन आधी चिखल असते, पुढं कडक होते; मधे एक वेळ अशी येते की ओल आहे, पण पाणी साचलेलं नाही, आत हवा खेळते. तो वाफसा. त्याच्या आधी काळ्या रानात औत घातलं की ढेकळं निघतात आणि ती हंगामभर सुधारत नाहीत.

तिचा पहिला खर्डा: 'वेन द सॉइल इज रेडी'. मी विचारलं, रेडी कशासाठी? मडकं करायलासुद्धा माती रेडी असते. आठवड्यानं दुसरा खर्डा आला: 'वेन द सॉइल मॉइश्चर इज ऑप्टिमम'. हा तिनं कृषी खात्याच्या पुस्तिकेतून उचललेला. अर्थ बरोबर, पण आजीची कृषी अधिकारी झाली! मी तिला म्हटलं, शब्द सोड. वाफसा झाला हे आजीला कळतं कसं ते विचार. ती घरी गेली, विचारून आली. आजी मूठभर माती उचलते, दाबून गोळा करते आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडते. गोळा फुटला तर वाफसा, तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांब. तिसरा खर्डा: 'वेट टिल अ फिस्टफुल, ड्रॉप्ड, फॉल्स अपार्ट'. शब्द गेला, पण आजीचा हात आला. त्या 'ड्रॉप्ड'च्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम तिनं स्वतः घातले होते, आणि ते का हवेत हे मला फळ्यावर समजावून सांगितलं: पहिल्याशी मूठ उघडते, दुसऱ्याशी गोळा खाली पडतो. चौदा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलीला त्या दिवशी विरामचिन्हाचा उपयोग कळला. माझ्या व्याकरणाच्या तासांना जे जमलं नाही ते त्या मातीच्या गोळ्यानं केलं.

मग 'रुसती'. 'गेट्स अँग्री'? नाही. रागावलेला माणूस निघून जातो. रुसलेला जवळच बसतो, फक्त समजूत काढायची वाट बघतो. इंग्रजीत 'सल्क' आहे, तो तिनं घातला, पण तिला तो पटला नव्हता, मलाही नाही.

या चार पानांवर आम्ही दोन महिने घालवले. साहित्य झालं, भाषा झाली, लेखन झालं. तुमच्या अभ्यासक्रमात ज्या तीन वेगवेगळ्या पेपरांची नावं आहेत ते तिन्ही त्या एका वाक्यात आले. शैलीविज्ञान शिकवताना मी जी उदाहरणं देतो त्यांतलं एकही इतकं बोलकं नाही.

तिसऱ्या सत्रात तिनं विचारलं, सर, हाच माझा प्रकल्प करू? आणि मी नाही म्हणालो.

विषय मंजुरीच्या नमुन्यात चौकोन होते: गृहीतक, उद्दिष्टं, संशोधनातील उणीव, संशोधन पद्धती. आजीच्या बोलण्याला गृहीतक कुठून आणायचं? मी वर विद्यापीठात फोन करून विचारलं. अमुक साहेब म्हणाले, "अहो, हे मराठी विभागाचं आहे." मराठी विभागाला विचारलं तर ते म्हणाले, इंग्रजीत लिहिलेलं आम्ही कसं तपासणार? दोघांचंही नियमात बसणारं उत्तर होतं. मग मीच तिला म्हटलं, बाई, वर्ष वाया घालवू नकोस. तिनं त्या कादंबरीकार बाईंवर निमूटपणे १०२ पानांचं बाड केलं. ए प्लस मिळाला. ते बाड कपाटात आहे, माझी सही आहे. आजीची वही तिच्या घरी ट्रंकेत.

हे माझ्या हातून झालं आहे. पण ज्या चौकोनांच्या आडोशाला मी बसलो ते तुम्ही आखलेले आहेत.

"हे मराठी विभागाचं आहे" हे वाक्य मला तेव्हापासून डाचतंय, कारण महाराष्ट्रात इंग्रजी शिकवण्याचा इतिहास नेमका उलटा आहे. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. भालचंद्र नेमाडे गोवा विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते, विलास सारंग मुंबई विद्यापीठाच्या, आणि सारंग तर दोन्ही भाषांत कथा लिहायचे. मराठी साहित्याला विसाव्या शतकात ज्यांनी वळण दिलं त्यातले निम्मे लोक पोटापाण्याला इंग्रजी शिकवत होते, आणि त्या लोकांच्या लिखाणाला त्यांच्याच विभागाच्या अभ्यासक्रमात जागा नव्हती. वर्गात कीट्स, घरी मराठी. आज अरुण कोलटकरांची 'जेजुरी' आपण भारतीय इंग्रजी कवितेच्या पेपरात शिकवतो; १९७६ सालचं पुस्तक, १९७७ चा राष्ट्रकुल कविता पुरस्कार, एवढं मुलं घोकतात. त्याच माणसाच्या 'भिजकी वही'ला २००५ साली साहित्य अकादमी मिळाला, पण ती मराठी विभागात, वरच्या मजल्यावर. एकच कवी दोन मजल्यांवर वाटून टाकला आहे आणि मधला जिना आपणच बंद ठेवला आहे. दिलीप चित्र्यांना १९९४ साली साहित्य अकादमीचे दोन सन्मान मिळाले, एक मराठी कवितेसाठी आणि एक तुकोबांच्या इंग्रजी अनुवादासाठी. आजच्या नियमात त्या अनुवादाचा १० क्रेडिटचा प्रकल्प करता आला नसता. 'हायपोथेसिस' काय लिहिणार?

कुणी म्हणेल, पदव्युत्तर शिक्षणाची एक शिस्त असते, जगभर असंच चालतं. जगभर असं चालत नाही. आयोवा विद्यापीठानं १९२२ साली जाहीर केलं की वरच्या पदवीसाठी प्रबंधाच्या जागी सर्जनशील लेखन चालेल. तिथली लेखन कार्यशाळा १९३६ पासून आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं १९७० साली सर्जनशील लेखनाची एम. ए. काढली, पहिल्या वर्षी विद्यार्थी एकच होता, पुढचा नामवंत कादंबरीकार इयन मॅकइवन. एका विद्यार्थ्यावर वर्ग चालवायची हिंमत त्यांनी केली. आपण २० चा आकडा भरला नाही तर ऐच्छिक पेपर रद्द करतो. आपले चित्रेही १९७५ साली आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमाला जाऊन आले, म्हणजे तिथल्यांना आपला लेखक चालला. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात सर्जनशील लेखनाची एम. ए. आहे. आपल्याच वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात अनुवादाच्या पदव्या मिळतात. म्हणजे हिंदी विद्यापीठाला अनुवाद हा विद्येचा विषय वाटतो आणि इंग्रजी विभागाला तो हमाली वाटतो.

आणि परदेशातलं तरी कशाला हवं? मुंबई विद्यापीठ आणि जे. जे. कला विद्यालय दोन्ही १८५७ सालची. जे. जे.मधल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी चित्र काढावं लागतं. कलेचा इतिहास तो शिकतोच, पण पाच वर्षं फक्त दुसऱ्यांच्या चित्रांवर टिपणं लिहून कुणी चित्रकार म्हणून बाहेर पडत नाही. आपण मात्र १८५७ पासून दुसऱ्यांच्या चित्रांवर टिपणं लिहितोय. त्या काळात ते समजण्यासारखं होतं. साहेबाला कारकून हवे होते, आणि साहेबाचं साहित्य वाचून नेटिव्ह सुधारेल अशी त्याची समजूत होती. गंमत अशी की आपण शेक्सपिअरची घोकंपट्टी करत होतो तेव्हा खुद्द ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा नव्हती. ती निघाली १८९४ साली, केंब्रिजची १९१७ साली. हा विषय एका अर्थानं आपल्या अंगावर आधी शिवून बघितला, मग त्यांनी घातला. त्यांनी तो पुढं दहा वेळा उसवून नव्यानं बेतला. आपण पहिलंच माप धरून बसलो.

शेजारी बघा. २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर कन्नडला गेला, बानू मुश्ताक यांच्या कथांना, आणि अनुवादक दीपा भास्ती या कोडगूच्या. ५० हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिकेत निम्मी-निम्मी वाटली जाते. म्हणजे बक्षीस देणाऱ्यांच्या मते अनुवाद हे निम्मं लेखन आहे. त्या पुस्तकात कितीतरी कन्नड शब्द तसेच ठेवलेत, तिरक्या टायपात नाहीत, तळटीपा नाहीत. वाचणाऱ्यानं वाचावं, कळेल. बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये एक जण म्हणाले, "मराठीत कुणी का नाही?" मी गप्प बसलो. मला ती ट्रंक आठवत होती.

आता कामाचं बोलू. तुमच्या बैठकीत जे प्रश्न निघतील ते मला माहीत आहेत; मी स्वतः अशा एका बैठकीत निमंत्रित म्हणून बसलो आहे आणि तेव्हा हेच प्रश्न मीही काढले होते.

पहिला प्रश्न दर्जाचा. "असं मोकळं सोडलं तर पोरं काहीही लिहून आणतील." आणतीलच. आत्ता काय आणतात ते वर सांगितलं. म्हणून माझी सूचना अशी की साधारण ४० पानांचा अनुवाद किंवा तेवढंच स्वतःचं लेखन, आणि सोबत १५ पानांची इंग्रजी प्रस्तावना असावी. प्रस्तावनेत विद्यार्थ्यानं सांगावं की हा मजकूर का निवडला, आधी या वाटेनं कोण गेलं, कुठं अडलं, कोणता शब्द का घेतला आणि कोणता का टाकला. हेच संशोधन. गृहीतकाचा चौकोन हवाच असेल तर तोही भरता येईल: 'वाफसा' हा शब्द इंग्रजीत नेता येत नाही, असं गृहीतक; निष्कर्ष, नेता येतो, पण हातानं. यात निष्कर्ष गृहीतकाच्या विरुद्ध जायची शक्यता आहे, जी परात्मतेच्या प्रकल्पात कधीच नसते.

यंत्राची भीती दुसरी. "अनुवाद तर आता मोबाइल करतो." मी आजीचं वाक्य मोबाइलला घातलं. त्यानं वाफेवर काहीतरी सांगितलं, म्हणजे माती शिजवायला ठेवल्यासारखं. उद्या तो सुधारेलही. म्हणून खर्डे मागा. पहिला खर्डा हाताने लिहिलेला, तारखेसह. त्यानंतरचे निदान दोन, खाडाखोडीसकट. आणि तोंडी परीक्षेत कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवून विचारा, हाच शब्द का? ज्यानं केलं आहे तो बोलेल, ज्यानं करवून घेतलं आहे तो पोह्यांची वाट बघेल. परात्मतेवरचं बाड यंत्रानं लिहिलं का हे ओळखणं याहून कितीतरी अवघड आहे.

तपासणार कोण? दोघं. एक इंग्रजीचा, एक त्या भाषेचा. मराठी विभाग वरच्याच मजल्यावर आहे, जास्तीचा प्रवासभत्ताही लागणार नाही. भाषा फक्त मराठीच धरू नका. खानदेशातला मुलगा अहिराणीतून आणेल, तांड्यावरची मुलगी गोरमाटीतून, कुणी उर्दूतून, कुणी गोंडीतून, भिलीतून. अशा वेळी परीक्षक मिळणं अवघड जाईल हे मान्य. तिथं मूळ मजकुराचं रेकॉर्डिंग सोबत जोडायला सांगा आणि ती भाषा बोलणारा एक शिक्षक, मग तो इतिहासाचा असो की भूगोलाचा, तोंडी परीक्षेला बसवा. या भाषांतलं इंग्रजीत फार थोडं गेलं आहे. इथं 'रिसर्च गॅप' शोधावा लागत नाही, त्यात पडायला होतं.

शिक्षकांवरचा बोजा हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आमच्याकडे पाच पदांपैकी दोन भरलेली आहेत, बाकी तासिका तत्त्वावर. एका मार्गदर्शकाकडे १५-१६ मुलं. खर्डे वाचायचे तर वेळ लागतो, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. म्हणून म्हणतो, सुरुवातीला मर्यादा घाला: दर मार्गदर्शकामागे दोनच असे प्रकल्प. दोन नीट झाले तरी कपाटात दोन अशी बाडं येतील जी काढून टाकताना हात थांबेल.

नोकरीचं म्हणाल, तर त्या एका बाबतीत पालक आपल्यापेक्षा शहाणे असतात, ते पहिल्याच दिवशी विचारतात. नेट-सेटच्या बहुपर्यायी प्रश्नांची तयारी करून सगळे प्राध्यापक होणार नाहीत हे त्यांना कळतं. उच्च न्यायालयात अनुवादकांची पदं निघतात, राज्याच्या भाषा संचालनालयात निघतात. ओटीटीची उपशीर्षकं, बातम्या, शेतकऱ्यांसाठीची ॲप, औषधांच्या माहितीपत्रिका, सगळीकडे दोन भाषा नीट येणारा माणूस हवा असतो. आमच्या मुलांकडे दोन भाषा असतातच, एम. ए.च्या दोन वर्षांत आपण त्यातली एक दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला लावतो.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही, मंत्रालयात जावं लागत नाही. संशोधन प्रकल्प कशाला म्हणायचं हे तुमच्या मंडळानं ठरवायचं, विद्या परिषदेपुढं ठेवायचं. मंजुरीच्या नमुन्यात एक जादा ओळ घालायची: 'प्रकल्पाचा प्रकार: समीक्षा / अनुवाद / स्वतंत्र लेखन'. ओळ एकच आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर, वाटल्यास 'ऐनवेळचे विषय' या सदरात, ती घ्यावी ही विनंती. बोलावलंत तर स्वखर्चानं येईन.

आपला,
तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवणारा एक मास्तर

सोबत: एका विद्यार्थिनीने केलेला अनुवाद, १४ पाने, खर्ड्यांसह (तिच्या आणि तिच्या आजीच्या परवानगीने).

ता. क.: पत्र पाठवण्याआधी परवानगीसाठी तिला फोन केला. ती आता एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते. म्हणाली, पाठवा सर, पण 'सल्क्स' काढा. रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला. आजीला तिनं पुन्हा विचारलं होतं, माती रुसती म्हणजे काय करती? आजी म्हणाली, अबोला धरती. नवी ओळ अशी: 'प्लाव इट टू सून अँड द सॉइल विल स्टॉप टॉकिंग टु यू.' सोबतच्या पानांत मी ती हाताने दुरुस्त केली आहे. तिला उत्तरात एवढंच विचारलं, 'टॉकिंग' का 'स्पीकिंग'? दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर यायचं आहे.